प्रगत जपानी व्याकरण: अर्थ कळतो, पण कोणती रचना कुठे शोभते हे कसे ओळखावे?

वाटसरू

नमस्कार. जेएलपीटी या जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेची एन-२ पातळी उत्तीर्ण होऊन सध्या मी एन-१ची, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीची, तयारी करीत आहे. 'इकु शिका नाइ', 'इकाझारु ओ एनाइ', 'इकानाइ वाके निवा इकानाइ' आणि 'इकाझुनिवा इरारेनाइ' या चारही रचनांसमोर आमच्या वर्गाच्या टिपणांत 'जावेच लागते' एवढाच अर्थ दिलेला आहे. त्यामुळे सराव परीक्षेत चार पर्यायांपैकी निदान दोन तरी हमखास बरोबर वाटतात. दुसरी अडचण कचेरीतली आहे. नव्याने शिकलेल्या रचना मेलमध्ये आल्या की आमचे जपानी सहकारी 'थोडे काताइ वाटते', म्हणजे ताठर वाटते, एवढेच सांगतात आणि विषय तिथेच थांबतो. अर्थ आणि औचित्य यांचा मेळ कसा घालावा, याविषयी जाणकारांनी लिहावे. 'भरपूर वाचा, आपोआप येईल' हे उत्तर मला ठाऊक आहे, तेव्हा कृपया त्याच्या पुढचे सांगावे.

निळी शाई

वाटसरू, ही अडचण जपानीची कमी आणि टिपणांची जास्त आहे. 'जावेच लागते' हा अर्थ खोटा नाही. परंतु या चार प्रसंगी आपण मराठीतही चार वेगळी वाक्ये बोलतो आणि टिपणे लिहिणाऱ्याने तीच बाजूला ठेवली आहेत. 'इकु शिका नाइ' म्हणजे 'जाण्यावाचून गत्यंतर नाही', 'इकाझारु ओ एनाइ' म्हणजे 'जाणे भाग आहे', 'इकानाइ वाके निवा इकानाइ' म्हणजे 'न जाऊन चालणार नाही' आणि 'इकाझुनिवा इरारेनाइ' म्हणजे 'गेल्यावाचून राहवत नाही'. ही चार मराठी वाक्ये आपण एकमेकांच्या जागी कधीच वापरणार नाही.

एकच प्रसंग घेऊन पाहू. कंपनीतील एका वरिष्ठांचा निरोपसमारंभ, म्हणजे सोबेत्सुकाइ, आहे. विभागातले बाकी सगळे परगावी आहेत आणि कोणीतरी हजर राहिलेच पाहिजे, तेव्हा मी 'इकु शिका नाइ' म्हणेन. त्यात नाराजी असेलच असे नाही, फक्त दुसरी वाट उरलेली नसते आणि बोलताना ही रचना अगदी सहज येते. माझी मुळीच इच्छा नाही, पण साहेबांनी नावच घातले आहे, तेव्हा 'इकाझारु ओ एनाइ'. हे वाक्य ज्यांचा समारंभ आहे त्यांच्या कानी गेले तर ते नक्कीच दुखावतील, कारण 'मनाविरुद्ध' हा भाव रचनेतच मुरलेला आहे. त्या वरिष्ठांनी मला काम शिकवले, मी गेलो नाही तर ते बरे दिसणार नाही, तेव्हा 'इकानाइ वाके निवा इकानाइ'. येथे दडपण परिस्थितीचे नसून लोकरीतीचे आणि स्वतःच्या सदसद्विवेकाचे आहे. आणि त्यांना शेवटचे भेटल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडणार नाही, असे असेल तर 'इकाझुनिवा इरारेनाइ'. पहिल्या तिन्हींत बळ परिस्थितीचे किंवा कर्तव्याचे असते, चौथ्यात ते स्वतःच्या भावनेचे असते. तुमच्या परीक्षेतील बहुतेक प्रश्न याच भेदावर बेतलेले असतात, म्हणून रिकाम्या जागेच्या आधी कारण काय दिले आहे ते पाहावे.

मात्र मराठी आणि जपानीची ही जुळणी एका ठिकाणी तुटते. 'त्याला राहवत नाही' असे आपण दुसऱ्याविषयी बिनदिक्कत म्हणतो. जपानीत दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे ते थेट विधान करून सांगणे अप्रशस्त ठरते, म्हणून 'इरारेनाइ'नंतर 'योउ दा', 'राशिइ' किंवा 'नो दा' यांपैकी काहीतरी जोडून ते अनुमान किंवा स्पष्टीकरण आहे असे दाखवावे लागते. 'होशिइ' (हवेसे वाटणे), 'कानाशिइ' (दुःखी) अशा साध्या विशेषणांना हाच नियम लागू होतो आणि तो प्राथमिक वर्गातच शिकवला जातो, पण प्रगत रचनांना तो तसाच लागू राहतो हे सहसा कोणी सांगत नाही. कादंबरीतल्या निवेदकाला मात्र सगळी मोकळीक असते.

पिंपळपान

वरील उत्तराला एक लहानशी पुस्ती. 'सुरु', म्हणजे 'करणे', या क्रियापदाचे रूप 'शिझारु' होत नाही, 'सेझारु ओ एनाइ' असे होते, आणि परीक्षेला हे नेमके विचारतात. 'झारु' हे जुन्या जपानीतील नकाराचे, म्हणजे 'झु'चे, विशेषणात्मक रूप आहे. त्यामुळे या रचनेला लिखित भाषेचा वास येतो आणि अग्रलेखांत 'तो इवाझारु ओ एनाइ', म्हणजे 'असे म्हणणे भाग आहे', हा शेवट वारंवार भेटतो. चहाच्या टपरीवर अग्रलेखाच्या थाटात बोलणारा माणूस आपल्यालाही थोडा विनोदीच वाटतो.

दोन्ही काठ

मी तांत्रिक आणि कायदेविषयक मजकुराचा जपानीतून मराठीत आणि इंग्रजीत अनुवाद करतो. निळी शाई यांच्या मुद्द्याला दुजोरा देणारे दुसरे उदाहरण 'होताक्षणीच' या अर्थाच्या रचनांचे आहे. 'या इना या', 'गा हायाइ का', 'नारि' आणि 'सोबाकारा' या चौघांसमोरही टिपणांत एकच अर्थ दिसतो आणि विद्यार्थी चौघांनाही '-ताच' लावून मोकळा होतो.

'या इना या'मधील 'इना' म्हणजे 'नाही'. ही रचना शब्दशः आपल्या 'वाजते न वाजते तोच' या धर्तीची आहे आणि योगायोगाने तिच्या मर्यादाही तशाच आहेत. 'स्टेशनवर पोचताच फोन कर' हे चांगले मराठी आहे, पण 'पोचतोस न पोचतोस तोच फोन कर' असे कोणी म्हणत नाही, कारण ती रचना घडून गेलेल्या किंवा नेहमी घडणाऱ्या गोष्टीच्या वर्णनासाठी आहे, आज्ञेसाठी नाही. जपानीतही 'त्सुकु या इना या देन्वा शिते' असे होत नाही, तेथे साधे 'त्सुइतारा सुगु देन्वा शिते' हवे. म्हणजे '-ताच' हा अर्थ पाठ केलेला विद्यार्थी चुकेल आणि 'न वाजते तोच' हा अर्थ मनात ठेवणारा आपोआप बरोबर येईल.

'बेरु गा नारु गा हायाइ का, क्योशित्सु ओ तोबिदाशिता' म्हणजे घंटा वाजते न वाजते तोच पोरगा वर्गाबाहेर. यात घाईचे चित्र अधिक ठळक असते. 'नारि'मध्ये बहुधा दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असतो, शिवाय दुसरी क्रिया पाहणाऱ्याला अनपेक्षित वाटलेली असते: 'चिची वा काएरु नारि, नेते शिमात्ता', म्हणजे वडील घरी आले ते थेट झोपीच गेले. येथे आपल्या 'आले ते' या बोलण्याला तोड नाही. स्वतःविषयी बोलताना 'नारि' सहसा वापरत नाहीत, कारण स्वतःचीच कृती स्वतःला अनपेक्षित कशी वाटेल? 'सोबाकारा' मात्र एकदाच घडलेल्या गोष्टीला लागत नाही. 'ओबोएरु सोबाकारा वासुरेरु', इकडे पाठ करावे आणि तिकडे विसरावे, असे पुन्हा पुन्हा होणारे आणि बहुधा त्रासाचे काही असले तरच ती वापरावी.

नागोयाहून

चर्चा उद्बोधक आहे, परंतु मी गेली बरीच वर्षे येथे राहतो आणि 'या इना या' किंवा 'गा हायाइ का' माझ्यासमोर कोणी बोललेले मला आठवत नाही. एन-१चे व्याकरण हे परीक्षेपुरते जिवंत ठेवलेले व्याकरण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. इतका वेळ संभाषणावर खर्च केला तर अधिक उपयोग होईल.

दोन्ही काठ

नागोयाहून, तुम्ही 'बोललेले' हा शब्द वापरलात आणि माझे उत्तर त्यातच आहे. या रचना बोलल्या जात नाहीत, पण त्या तुमच्या रोजच्या नजरेखालून जातात. दुकान कायमचे बंद होताना दारावर लावलेल्या कागदावर 'ओ मोचिमाशिते' असते, म्हणजे अमुक तारखेपासून दुकान बंद. तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत 'रियू नो इकान नि काकावाराझु', म्हणजे कारण कोणतेही असो, पैसे परत मिळणार नाहीत, असे छापलेले असते. वादळ आले की बातम्यांत सामना 'चूशि ओ योगिनाकु सारेता' होतो, म्हणजे रद्द करणे भाग पडते. जुन्या पाटीवर 'ताचिइरु बेकाराझु' दिसते आणि त्याचा थाट आपल्या 'आत येण्यास सक्त मनाई आहे' याहूनही जुना असतो. प्रत्येक रचनेचा स्वतःचा कागद ठरलेला आहे आणि तो कागद ओळखता आला की निम्मे काम होते.

शिवाय या परीक्षेत लेखन किंवा संभाषण मुळीच नसते, उत्तरे सगळी पर्यायांतून निवडायची असतात. या रचना ओळखता याव्यात एवढीच तिची अपेक्षा आहे. परीक्षेसाठी शिकलेले सगळे बोललेच पाहिजे हा हट्ट आपण विद्यार्थीच धरतो आणि मग 'काताइ' हा शेरा मिळतो.

नागोयाहून

पाटीचा मुद्दा मान्य आहे. संभाषणाविषयीचे मत मात्र मी बदललेले नाही.

पूल बांधणारा

मी पुण्यात जपानी ग्राहक आणि येथील अभियंते यांच्यामध्ये दुव्याचे काम करतो, त्यामुळे वाटसरू यांच्या मेलविषयीच्या प्रश्नावर लिहितो. 'काताइ' हा शेरा आदर जास्त झाल्यामुळे मिळत नाही. आदर आणि औपचारिकता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि एन-१च्या रचना औपचारिकता वाढवतात, आदर वाढवतीलच असे नाही. 'शिर्यो ओ काकुनिन सेझारु ओ एनाइ', म्हणजे 'कागदपत्रे तपासणे भाग आहे', हे वाक्य कितीही भारदस्त असले तरी ग्राहकाच्या दृष्टीने ती कुरकुर आहे. ग्राहकाला 'काकुनिन शिते कुदासाइ', म्हणजे 'कृपया तपासा', असे लिहिले तर व्याकरण निर्दोष असूनही ती नम्र शब्दांतली आज्ञाच राहते. रूढ वाक्य 'गो-काकुनिन इतादाकेमासुतो साइवाइ देसु' असे आहे, म्हणजे आपण पाहिलेत तर बरे होईल. त्यात अवघड व्याकरण काहीच नाही, पण निर्णय समोरच्यावर सोडलेला आहे.

कारण सांगताना 'कारा' आणि 'नोदे' यांतही हेच घडते. नागानो मासारु यांनी १९५२मध्ये या दोहोंतला फरक मांडला होता: 'कारा'मध्ये बोलणारा स्वतःच्या बाजूने कारण पुढे करतो आणि 'नोदे'मध्ये कार्यकारणभाव जसा आहे तसा ठेवला जातो. पुढे त्या विवेचनावर पुष्कळ आक्षेप आले, पण मेल लिहिणाऱ्याला ते आजही उपयोगी पडते. 'जिकान गा नाइ कारा', म्हणजे 'वेळ नाही म्हणून', हे वाचताना ग्राहकाला 'आता तुमचे तुम्ही बघा' असा सूर ऐकू येण्याचा धोका असतो, 'नोदे'ने तो पुष्कळ कमी होतो.

मराठी माणसाची खरी अडचण मात्र आणखी वेगळ्या जागी आहे. बाहेरच्या माणसाचा फोन आला तर आपण 'साहेब बाहेर गेले आहेत' असेच म्हणतो. साहेब हे साहेबच, समोर कोणीही असो. जपानीत आदर नात्यावर ठरतो, म्हणून ग्राहकाशी बोलताना आपले साहेबही 'आपल्यातले' होतात आणि त्यांच्यामागचा 'सान' गळून पडतो: 'तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमासु', म्हणजे तानाका सध्या जागेवर नाहीत. क्रियापदही नम्रतेचे, 'ओरिमासु'. तेच तानाका यांच्या घरून फोन आला तर त्यांचे कुटुंबीय आपल्यापेक्षा त्यांना जवळचे असल्यामुळे पुन्हा आदरार्थी रूपे वापरायची असतात. जपानी व्याकरणकार या पद्धतीला सोताइ-केइगो, म्हणजे सापेक्ष आदरभाषा, म्हणतात आणि आपल्यासारख्या पद्धतीला झेत्ताइ-केइगो, म्हणजे निरपेक्ष आदरभाषा. नियम समजायला पाच मिनिटे पुरतात. परंतु पन्नाशीच्या साहेबांचा नुसत्या आडनावाने उल्लेख करताना आमच्या नव्या मुलांची जीभ जी अडखळते, ती बराच काळ अडखळते.

वाटसरू

आपणा सर्वांचे आभार. चार रचनांचा गुंता सुटला. पूल बांधणारा यांना एक उपप्रश्न विचारतो. आमच्याकडे येणाऱ्या मेलमध्ये जवळजवळ प्रत्येक क्रियापदाला 'सासेते इतादाकु', म्हणजे 'आपल्या परवानगीने करतो' अशा भावाची रचना, जोडलेली दिसते. तेच सगळीकडे वापरले तर सुरक्षित राहील काय?

पूल बांधणारा

सुरक्षित वाटते, म्हणूनच ते इतके पसरले आहे. जपानच्या सांस्कृतिक व्यवहार परिषदेने २००७मध्ये आदरार्थी भाषेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या तीन प्रकारांऐवजी त्यांत आदरार्थी भाषेचे पाच प्रकार मांडले गेले. या रचनेविषयी तेथे दोन अटी दिल्या आहेत: आपण जे करतो ते समोरच्याच्या किंवा तिसऱ्या कोणाच्या परवानगीने करीत असावे आणि त्यापासून आपल्याला काही लाभ होत असावा, निदान तशी भावना तरी असावी. दुसऱ्याच्या मालकीचे पुस्तक मागून 'कोपी ओ तोरासेते इतादाकेमासु का', म्हणजे 'याची प्रत काढू का', असे विचारताना दोन्ही अटी पूर्ण होतात. दुकानाच्या दारावरील 'आज बंद ठेवीत आहोत' या सूचनेत परवानगी कोणी दिलेली नसते, तरी ती गिऱ्हाइकाने दिली असे मानून घेतले जाते आणि ते सर्वांना चालते. मात्र शिक्षण पूर्ण केले हे सांगताना 'मी अमुक शाळेतून सोत्सुग्यो सासेते इतादाकिमाशिता' असे म्हटले की शाळेने कृपा करून पास केले की काय, असा प्रश्न पडतो.

तुमच्या कामात कसोटी सोपी आहे. वाक्यात परवानगी देणारा कोणी सापडत नसेल, तर 'इताशिमासु', म्हणजे 'करतो' याचे नम्र रूप, पुरेसे आहे. आणि 'योमासासेते इतादाकु' असे जादा 'सा' घातलेले रूप कोठे दिसले तर ते उचलू नये, 'योमासेते' हेच बरोबर आहे.

निळी शाई

लिखित भाषेविषयी एक गोष्ट राहिली. तुम्ही अहवाल लिहीत असाल तर मोठ्या रचनांपेक्षा वाक्याच्या मधल्या सांध्यांकडे आधी लक्ष द्यावे. बोलताना आपण 'फुएते इते', म्हणजे 'वाढत असून', म्हणू, पण छापील मजकुरात 'फुएते ओरि' येते. 'इरु'चे (असणे) जोडरूप नुसते 'इ' उरते, ते वाक्यात टेकू देण्याइतके भक्कम नसते, म्हणून त्याजागी 'ओरि' वापरण्याचा प्रघात आहे. या 'ओरि'मध्ये नम्रतेचा लवलेशही नाही. वर आलेले 'हाझुशिते ओरिमासु' आणि हे 'ओरि' एकाच क्रियापदाचे आहेत, पण एक नम्रतेसाठी आणि दुसरे केवळ लेखनाच्या सोयीसाठी वापरले जाते. असेच 'नाकुते'चे 'नाकु' होते, 'केदो'चे 'गा', 'दाकारा'चे 'शितागात्ते', 'मिताइ'चे 'योउ', 'याप्पारि'चे 'याहारि'. अहवालात एन-१च्या दहा रचना घालून मध्येच एक 'केदो' राहिला, तर वाचणाऱ्याचे लक्ष त्या 'केदो'कडेच जाते.

शब्दांच्या बाबतीत आपल्याला फारसे सांगावे लागत नाही. 'हाजिमेरु', 'काइशि सुरु' आणि 'सुतातो सुरु' हे तीन थर आपल्याकडील 'सुरू करणे', 'आरंभ करणे' आणि 'स्टार्ट करणे' यांच्याइतकेच स्पष्ट आहेत.

रिकामे पान

मी बहुधा वाचनमात्र असते, पण एक शंका विचारते. एखाद्या रचनेचा 'कागद' कोणता हे स्वतःचे स्वतः शोधायचे असेल तर काय करावे? उदाहरणार्थ, 'किराइ गा आरु' मला नेमकी कुठे वापरावी ते उमजत नाही.

दोन्ही काठ

जपानच्या राष्ट्रीय भाषासंस्थेने, म्हणजे कोकुरित्सु कोकुगो केंक्यूजोने, लिखित जपानीचा सुमारे दहा कोटी शब्दांचा संग्रह २०११मध्ये खुला केला आहे. नोंदणी केली की 'चूनागोन' या साधनातून तो विनामूल्य शोधता येतो. आपल्या दृष्टीने त्याची विशेष सोय अशी की मजकूर प्रकारवार लावलेला आहे: पुस्तके, मासिके, वर्तमानपत्रे, सरकारी श्वेतपत्रिका, कायदे, संसदेच्या चर्चांची इतिवृत्ते आणि दुसऱ्या टोकाला संकेतस्थळांवरची प्रश्नोत्तरे व अनुदिन्या. रचना शोधावी आणि ती कोणत्या प्रकारात येते, हे अर्थाच्याही आधी पाहावे. मग पंधरा-वीस वाक्ये वाचून कर्ता कोण आहे आणि पुढे काय येते, एवढेच वहीत टिपावे.

'किराइ गा आरु'ची वाक्ये अशी वाचलीत तर कर्त्याच्या जागी बहुधा दुसरी व्यक्ती, संस्था किंवा समाज सापडेल, आणि पुढे येणारी प्रवृत्ती नेहमी खटकणारी असेल. 'कारे वा मोनोगोतो ओ वारुकु कांगाएरु किराइ गा आरु', म्हणजे प्रत्येक गोष्टीची वाईट बाजू पाहण्याची त्यांना खोड आहे. हा संयमाने केलेला दोषारोप आहे. नुसता कल सांगायचा असेल तर 'केइको गा आरु' हे तटस्थ आहे आणि वारंवार सर्दी होते असे सांगायचे असेल तर '-गाचि' पुरते. सर्दीला कोणी 'किराइ' म्हणत नाही.

रिकामे पान

'खोड' म्हटल्यावर एकदम उजेड पडला. जाता जाता 'न् देसु'विषयीही कोणी लिहील काय? तो कधी हवा आणि कधी नको, हे मला एन-३पासून छळते आहे.

निळी शाई

त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा लागेल, म्हणून येथे एकच गोष्ट सांगतो. 'न् देसु' लावला की वाक्य आधीच्या कशाचे तरी स्पष्टीकरण होते. उशिरा पोचल्यावर 'देन्शा गा तोमारिमाशिता', म्हणजे 'गाडी थांबली', ही नुसती माहिती झाली. 'देन्शा गा तोमात्ता न् देसु' म्हटले की 'आता समजले ना, मला का उशीर झाला ते' असा भाव येतो, आणि क्षमा मागण्यापूर्वीच तो आला तर ती सबब ठरते. म्हणून आधी 'ओकुरेते मोशिवाके आरिमासेन' म्हणावे आणि कारण विचारले गेले तरच 'न् देसु'ने सांगावे. प्रश्न विचारतानाही तसेच आहे. एखाद्याचा चेहरा उतरलेला दिसला तर 'दो शिता न् देसु का', म्हणजे 'काय झाले', हीच आपुलकी होय, कारण दिसलेल्या गोष्टीचे स्पष्टीकरण तुम्ही मागत आहात. मात्र समोर काहीही दिसत नसताना वरिष्ठांना 'नानि ओ शिते इरु न् देसु का', म्हणजे 'काय करता आहात', असे विचारले, तर ती उलटतपासणी होते.